बाई आली की मुलं मोजा: कौटुंबिक हिंसाचाराच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. एक बाई समोर येऊन बसली, डाव्या डोळ्याखाली काळंनिळं. सोबत सहा वर्षांची मुलगी. मी दीड तास बाईशी बोलले, अर्ज लिहून घेतला, चहा पाजला. मुलगी तेवढा वेळ बाकाखाली बसून होती. बाकावर नाही, बाकाखाली. मला ते दिसलं होतं, पण लिहिलं नाही, कारण माझ्या रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. चार महिन्यांनी त्याच मुलीचा हात मोडला, शाळेने कळवलं, आणि पलीकडच्या टेबलावर नव्या नंबरने नवी केस उघडली गेली. दोन टेबलांमध्ये वीस पावलांचं अंतर असेल. आईची फाइल त्या वीस पावलांत कधीच गेली नाही.

आशाताई, अंगणवाडीसेविका, शिक्षक, सखी केंद्रात (हिंसा सोसलेल्या बाईला एकाच छताखाली मदत देणारं सरकारी केंद्र) नुकत्या लागलेल्या समुपदेशक, वस्तीत काम करणारी मंडळी, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. कायदे महाराष्ट्रात जसे चालतात तसे सांगेन.

आधी दोन खिडक्या ओळखा

बाईसाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. बोलताना सगळे त्याला ‘डीव्ही’ म्हणतात. मुलांसाठी दोन कायदे: लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पोक्सो आणि काळजी-संरक्षणासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा. केंद्राच्या योजनाही अशाच वाटल्या गेल्या आहेत. सखी वन स्टॉप सेंटर, बायकांची १८१ हेल्पलाइन, शक्ती सदन हे बायकांचं निवारागृह, हे सगळं मिशन शक्तीत. मुलाबद्दलचा निर्णय घेणारी बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, मुलांची हेल्पलाइन १०९८ हे मिशन वात्सल्यमध्ये. खातं एकच, महिला व बालविकास. पण कागद वेगळे, बैठका वेगळ्या, निधीचे हिशेब वेगळे.

त्यात नव्या माणसाला हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. ‘संरक्षण अधिकारी’ नावाची पदं दोन्हीकडे आहेत. एक डीव्ही कायद्याखालचा, जो बाईचा घटना अहवाल, म्हणजे घरातल्या हिंसेची लेखी नोंद, करतो. दुसरे बाल संरक्षण कक्षातले, संस्थात्मक (मूल संस्थेत) आणि बिगर संस्थात्मक (मूल कुटुंबात) काळजीचे, त्यांचं काम मुलांचं. “संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा” एवढंच सांगून तुम्ही बाईला पाठवलं, तर ती अर्धा दिवस चुकीच्या दारात उभी राहते, आणि पुन्हा येईलच याची खात्री नाही. कोणत्या कायद्याचा अधिकारी, हे चिठ्ठीवर लिहून द्या.

मारहाण मात्र ही वाटणी पाळत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मार सोसला होता, आणि घरात मार खाणाऱ्यांना मारणारे बहुतेक वेळा आईवडीलच होते. अहवाल जुना झाला, पण वस्तीत फिरताना वेगळं काही दिसत नाही.

पहिली पायरी: विचारा, पण वेगवेगळं

मार खाल्लेली बाई समोर आली की घरात किती मुलं, कुणाचं वय काय, आत्ता या क्षणी प्रत्येक जण कुठे आहे, हे आधी लिहा. “आत्ता कुठे” हा प्रश्न सोडू नका. अनेकदा धाकटं कडेवर असतं आणि थोरलं मागे घरात, त्याच माणसाजवळ. उलट, मुलाच्या अंगावर वळ दिसले, की मूल अचानक गप्प झालं, शाळा बुडवायला लागलं, मोठ्या आवाजाला दचकायला लागलं, की त्याच्या आईकडे बघा. बाही खाली ओढून बोलते का? नवऱ्याने किंवा सासूने उत्तरं द्यावीत आणि हिने मान डोलवावी, असं होतं का?

नवऱ्यासमोर, सासूसमोर, भावकीसमोर काहीही विचारू नका. तुमच्या एका प्रश्नाची किंमत ती रात्री मोजते. आशाताईंना एक सोय आहे, बाळाचं वजन, लसीकरण, लोहाच्या गोळ्या, असं कुठलंही निमित्त चालतं. आईला विचारायचं तर “तुमच्यावर अत्याचार होतो का” असं पुस्तकी विचारू नका. “घरात भांडण झालं की पोरं काय करतात?” असं विचारा. या प्रश्नाला बायका खरं उत्तर देतात. “पलंगाखाली जातात”, “मोठा मध्ये पडतो”, “मोठी धाकट्याला घेऊन शेजारी पळते”. मध्ये पडणारा मुलगा दहा-बारा वर्षांचा असेल तर तो पुढच्या वेळी जखमी होणार, हे गृहीत धरून पुढची आखणी करा.

मुलाला तपशील खोदून विचारू नका. तो तुमचा साक्षीदार नव्हे. त्याने जे आपणहून सांगितलं, ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा. “मी कुणालाच सांगणार नाही” असं वचन चुकूनही देऊ नका, पोक्सोची गोष्ट निघाली तर ते मोडावंच लागेल.

दुसरी पायरी: आजची रात्र

कायद्याची भाषा नंतर. आज रात्री ती आणि मुलं कुठे झोपणार? जीवाला धोका असेल तर ११२. बाईसाठी १८१, मुलासाठी १०९८. ही १०९८ सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारच चालवतं आणि ११२ शी जोडलेली आहे. कुठलाही नंबर लावलात तरी घरात बाई आणि मुलं दोघंही आहेत, हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर बाईसाठी आलेली गाडी बाईलाच घेऊन जाते.

सखी केंद्रात तात्पुरता आसरा मिळतो, साधारण पाच दिवसांपर्यंत, आणि मुलांना सोबत नेता येतं. मुलींना अडचण नाही. मुलग्यांना मात्र वयाची मर्यादा असते, शक्ती सदनातही. चौदा वर्षांचा मुलगा असलेली बाई दारात उभी राहते आणि तिथे कळतं की तो आत येऊ शकत नाही. मग ती परत फिरते, आणि फिरणारच. म्हणून आधी फोन करा, मुलग्याचं वय सांगा, आणि त्याच्यासाठी मामाचं घर, मावशी, नाहीतर बाल कल्याण समितीमार्फत मुलांची संस्था अशी सोय ठरवूनच निघा. माझ्या मते ही वयाची अट या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात दुखरी फट आहे. बापाच्या तावडीतून आई सुटते आणि थोरला त्याच्याच ताब्यात राहतो.

बाहेर पडताना काय घ्यायचं? सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्डाची झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले, तिचं बँकेचं पासबुक, औषधं, शाळेची एखादी वही किंवा निकालपत्रक. शाळेचा दाखला मिळाला नाही म्हणून अडू नका, त्याची तजवीज पुढे आहे. जखमा असतील तर आधी सरकारी दवाखाना. घटना अहवाल झालेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. डॉक्टरला जखम कशाने झाली ते सांगायला लावा आणि केसपेपरवर “पडल्यामुळे” असं लिहिलेलं राहू देऊ नका. मुलाची तपासणीही त्याच फेरीत करून घ्या, त्याचा केसपेपर वेगळा.

मुंबईत असाल तर महापालिकेच्या रुग्णालयांतल्या ‘दिलासा’ केंद्रांची मदत घ्या. त्यातलं पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात उभं राहिलं. पोलिसांकडे जायचं तर जिथे महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे तिथे आधी जा. मुंबई पोलिसांत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने तो सुरू केला आणि नंतर राज्यभर पसरला. पोलिसांच्याच आवारात, पण समोर समाजकार्य शिकलेलं माणूस बसलेलं असतं. नावात ‘मुलं’ पण आहेत, त्याची आठवण करून द्यायला लाजू नका.

तिसरी पायरी: घटना अहवालात मुलं आणा

डीव्हीचा घटना अहवाल, म्हणजे डीआयआर, कुणाच्याही माहितीवरून होऊ शकतो. शेजारीण, शिक्षक, तुम्ही, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकता, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी तुमच्यावर कारवाई होत नाही. त्या नमुन्यात मुलांची माहिती भरायची जागा आहे. बहुतेक वेळा तिथे नावं आणि वयं लिहून विषय संपतो. तिथे थांबू नका. कोणत्या मुलासमोर काय घडलं, कुणाला लागलं, कुणाला धमकी दिली, “पोरं परत देणार नाही” असं म्हणाला का, शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला का, हे तारखेनिशी लिहायला सांगा. जागा पुरली नाही तर पुरवणी कागद जोडा.

कारण मागता येण्यासारखं पुष्कळ आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. या कायद्यात अठरा वर्षांखालचं मूल म्हणजे दत्तक, सावत्र, सांभाळलेलंही. अल्पवयीन मुलगा असो की मुलगी, आई त्यांच्या वतीनेही दाद मागू शकते. कलम १८ चा संरक्षण आदेश मुलाच्या शाळेपर्यंत जातो, तिथे पाय ठेवू नको असं न्यायदंडाधिकारी सांगू शकतात. कलम १९ खाली राहत्या घरातून तिला काढता येत नाही, उलट नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगता येतं. सासूला मात्र असं घराबाहेर काढता येत नाही, कारण तो आदेश कुठल्याही बाईविरुद्ध देता येत नाही. कलम २० मध्ये मुलांचाही खर्च येतो. आणि कलम २१, जे अर्जात सगळ्यात जास्त वेळा राहून जातं: मुलांचा तात्पुरता ताबा. बापाच्या भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर न्यायालय भेटही नाकारू शकतं.

“पोरं आमच्या वंशाची, तू एकटी जा” हे वाक्य तुम्हाला दर आठवड्याला ऐकू येईल. बाई त्याला कायदा समजते. तिला सांगा, तो कायदा नाही. हिंदू कुटुंबांना लागू असलेल्या १९५६ च्या पालकत्व कायद्यातही पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळच असावं असं म्हटलं आहे.

अर्ज ती सध्या जिथे राहते तिथल्या न्यायालयात करता येतो. माहेर असो, मैत्रिणीची खोली असो, सासरच्या तालुक्याला जाण्याची गरज नाही. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात साठ दिवसांत बहुधा फक्त तारखा लागतात. म्हणून कलम २३ चा अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागा. तातडी दिसली तर तो एकतर्फीही मिळतो. वकिलाची फी हा प्रश्न नाही: जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००.

पोलिसांत गुन्हाही नोंदवायचा असेल तर १ जुलै २०२४ पासून नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाच्या जुन्या ४९८-अ कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. दोन्ही वाटा एकाच वेळी चालतात. नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून बोळवण होऊ लागली तर विशेष कक्षाला फोन लावा. “घरचं प्रकरण आहे, मिटवून घ्या” असं कुणी म्हणालं तर मिटवण्याच्या बैठकीत मुलांना कुणी मारणार नाही याची हमी कोण देतंय, एवढं विचारा.

चौथी पायरी: मुलाची खिडकी

इथे बायका घाबरतात. “समितीपुढे नेलं तर पोरं काढून घेतील.” ही भीती घेऊन त्या गप्प राहतात, आणि आपल्यातलेच काही जण ‘ऐकत नाहीस तर समितीला कळवू’ असा धाक घालतात. असा धाक कधीच घालू नका. तुमच्यावरचा तिचा विश्वास तिथेच संपतो.

बाल कल्याण समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यात किमान एक स्त्री आणि बालकांच्या विषयातली एक जाणकार व्यक्ती. महिन्यातून किमान वीस दिवस बसणं अपेक्षित. मारणाऱ्याबरोबर राहणारं मूल बाल न्याय कायद्याच्या व्याख्येत येतं. म्हणजे त्याला काळजी-संरक्षणाची गरज आहे असं मानता येतं, ते अनाथ असण्याची गरज नाही. पोलीस, सरकारी नोकर, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका, डॉक्टर मुलाला समितीपुढे नेऊ शकतात, किंवा मूल स्वतःही जाऊ शकतं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत पोचवायचं.

समितीपुढे काय मागायचं ते आधी ठरवा, नाहीतर सवयीने संस्थेचा विचार आधी होतो. आई सुरक्षित जागी पोचली असेल, तर मूल तिच्याजवळच ठेवावं, बाल संरक्षण कक्षाने गृहभेटी द्याव्यात, समुपदेशन व्हावं, असं स्पष्ट लेखी मागा. डीआयआरची प्रत, अंतरिम आदेश असेल तर त्याची प्रत, केसपेपर सोबत जोडा. वीस पावलं चालून जायचं ते इथे. त्याच दिवशी उलट दिशेनेही कागद न्या, समितीच्या आदेशाची प्रत डीव्हीच्या वकिलाकडे. दोन न्यायासनांपुढे दोन वेगळ्या गोष्टी गेल्या की नवऱ्याचा वकील त्यातली फट शोधतोच.

मुलाचा ताबा असलेल्याने त्याला मारलं, छळलं, टाकलं किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि हे कलम फक्त बापासाठी नाही.

त्यावर थोडं बोलायला हवं, कारण प्रशिक्षणात कुणी बोलत नाही. मार खाणारी आई कधीकधी मुलाला मारते. रात्री जे सोसलं ते सकाळी डब्यावरून, गृहपाठावरून निघतं. हे लपवून तिची बाजू भक्कम होत नाही, समितीच्या गृहभेटीत ते दिसतंच. तिच्याशी आधी बोला, दोष न देता. घर शांत झाल्यावर बऱ्याच जणींचा हात आपोआप खाली येतो, हे मी पाहिलं आहे. सगळ्यांचा नाही. ज्यांचा येत नाही तिथे मुलाची बाजू धरायची, आईची केस कितीही खरी असली तरी.

गावात असाल तर ग्राम बाल संरक्षण समिती आहे, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडीसेविका सचिव. मारणारा सरपंचाच्या भावकीतला निघाला तर तिथे विषय काढूच नका, थेट जिल्ह्याला कळवा.

लैंगिक अत्याचार असेल तर वेगळा नियम

इथे तुमच्या मर्जीवर काही नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळलं किंवा तशी भीती वाटली की पोलिसांना सांगायचं. नाही सांगितलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर एक वर्षापर्यंत. यातून आईही सुटत नाही. म्हणून ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी तिला घेऊन जा आणि जबाबात तिची मारहाणही येऊ द्या: ती आधी का बोलू शकली नाही, हे त्याशिवाय कुणाला समजणार नाही.

मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात थांबवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरकडून. पोलिसांनी चोवीस तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. आरोपी त्याच घरात राहणारा असेल तर मुलाला समितीसमोर आणायचं, आणि घरातून हलवायचं का हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं, मुलाचं म्हणणं ऐकून. खटला संपेपर्यंत सोबत राहणारी आधार व्यक्ती समितीकडून मागून घ्या. नाव, शाळा, गल्ली, काहीही बाहेर जाऊ देऊ नका, तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा नाही. गोव्यात काम करणाऱ्यांनी राज्याचा २००३ चा बाल कायदाही वाचावा, तो पोक्सोच्या नऊ वर्षं आधीचा आहे.

मनोधैर्य योजनेचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाला त्यातून अर्थसाहाय्य मिळतं. प्रथम खबर (एफआयआर) नोंदली की लगेच विचारा.

घर सुटल्यावर

आदेश मिळाला की फाइल बंद करण्याचा मोह होतो. खरी ओढाताण मात्र पुढे सुरू होते, आणि बायका परत जातात त्या बहुतेक याच काळात, पैशापायी आणि मुलांच्या शाळेपायी.

शाळा: शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेत आधी बसवा. मुख्याध्यापकांना संरक्षण आदेश दाखवा आणि मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं लिहून द्या. जुन्या शाळेला नवा पत्ता कळू देऊ नका, तिथून तो बापाला कळतो.

पैसा: सावित्रीबाई फुले यांच्या नावाच्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. ती अनाथांसाठीच आहे असा समज आहे. एकल पालकांची, पालकांमधल्या तीव्र बेबनावात अडकलेली मुलंही तिच्यात बसू शकतात. मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची मदत ४,००० रुपये आहे, त्याला उत्पन्नाची मर्यादा. दोन्ही अर्ज बाल संरक्षण कक्षाकडे. मंजुरीला महिने लागतात, म्हणून घर सुटल्याच्या पहिल्या आठवड्यातच भरा.

नवरा आदेश मोडून शाळेशी आला, घराशी आला, फोनवर धमकावलं, तर संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे; एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. “कोर्टात जाऊन सांगा” असं ठाण्यात म्हणाले तर डीव्ही कायद्याची कलमं ३१ आणि ३२ दाखवा.

आदेशाची प्रत न्यायालयातून फुकट मिळते. तिच्या चार झेरॉक्स काढा: एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन, एक शाळेत, एक बाल संरक्षण कक्षात, एक तिच्या पिशवीत. मूळ कागद घरात ठेवायचा नाही. पहिल्या भांडणात तोच फाडला जातो.